तक्ता वाचून झाल्यावर : डोळ्यांच्या हालचालींची तपासणी टप्प्याटप्प्याने

कोकणातल्या किनारपट्टीच्या गावांत डोळे तपासून घेणे म्हणजे ‘नंबर काढून घेणे’ असाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. शाळेच्या पडवीत शिबिर भरते, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगतात, आकड्यांची कागदी पट्टी बाहेर पडते आणि चष्मा लागला किंवा नाही लागला एवढ्यावर काम संपते. हे यंत्र, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टर, प्रत्येक डोळ्याच्या भिंगशक्तीचा अंदाज देते. मात्र दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच जागी पाहतात का, सगळ्या दिशांना सारखे वळतात का आणि दोघांनी पाहिलेली चित्रे मेंदूत एक होतात का, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यामुळे उजवा डोळा उत्तम आणि डावा जेमतेम पाहणारा मुलगा दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतो आणि ‘नजर चांगली आहे’ असा शेरा घेऊन घरी येतो.

हा उरलेला भाग तपासायला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. टॉर्च, पट्टी, पेन्सिल, झाकायला एक काळी थापी आणि तपासणाऱ्याचे लक्ष एवढ्यावर त्यातले बहुतेक काम होते. लहान मुलांचे पालक, मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणारे लेकी-सुना आणि ज्यांना अचानक एकाचे दोन दिसू लागले आहे अशी माणसे यांना समोर नेमके काय चालले आहे हे कळावे, उत्तरे अचूक देता यावीत आणि एखादा टप्पा राहून गेला तर तसे विचारता यावे, यासाठी हा लेख आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

डोळा हलतो कसा

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू धरून असतात. चार सरळ स्नायू डोळा आत, बाहेर, वर आणि खाली वळवतात. दोन तिरके स्नायू त्याला थोडा पिळ देतात आणि नाकाकडे वळलेला डोळा वरखाली नेतात. या सहांना तीन मज्जातंतू आदेश पोहोचवतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या तंतूंना क्रमांक दिलेले आहेत; त्यांपैकी बाहेर नेणाऱ्या स्नायूचा कारभार सहाव्या मेंदूतंतूकडे, वरच्या तिरक्या स्नायूचा चौथ्याकडे आणि बाकीच्या चार स्नायूंचा तिसऱ्याकडे असतो. वरची पापणी उचलणे आणि बाहुली आकुंचित करणे ही कामेही तिसऱ्याकडेच आहेत, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

दोन्ही डोळ्यांच्या जोडीदार स्नायूंना मेंदूकडून सारखाच आदेश जातो. हेरिंगचा नियम म्हणतात तो हाच. रापण ओढताना दोन्ही टोकांच्या दोरांवरची माणसे सारख्या जोराने मागे सरली तरच जाळे सरळ किनाऱ्याला लागते, एका दोरावरचा जोर कमी पडला की सगळे जाळे एका अंगाला जाते. डोळ्यांच्या जोडीचेही तसेच आहे. एक स्नायू अशक्त झाला की मेंदू जास्त जोराचा आदेश सोडतो आणि तो जास्तीचा जोर दुसऱ्या, निरोगी डोळ्यालाही मिळतो. म्हणूनच कधी कधी वाकडा दिसणारा डोळा एक आणि दोषी डोळा दुसराच असतो. घरच्यांनी ‘याचाच डोळा फिरतो’ असे ठामपणे सांगितले तरी तपासणारा दोन्ही डोळे आलटून पालटून झाकून पाहतो, ते याच कारणाने.

घरातून निघण्यापूर्वी

जुने फोटो शोधून काढावेत. नामकरणाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, लग्नाच्या ग्रुप फोटोतले, ज्यात चेहरा समोरून स्पष्ट दिसतो असे. मान एका खांद्याकडे कलती असण्याची सवय बालपणापासूनची आहे की गेल्या महिन्यातली, हे अशा फोटोंतून जितके निर्विवादपणे कळते तितके तोंडी माहितीतून कळत नाही. डोळा अधूनमधून वाकडा होत असेल तर तो वाकडा असतानाचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन ठेवावा, कारण दवाखान्यात मूल सावध होते आणि नेमके तेव्हाच डोळे सरळ ठेवते.

आताचा चष्मा, आधीचा चष्मा, चालू गोळ्यांची पाकिटे आणि साखरेचे शेवटचे रिपोर्ट बरोबर असावेत. मुलाला पोटभर खाऊ घालून, झोप पुरी झालेली असताना न्यावे. पेंगुळलेल्या मुलाची तपासणी अर्ध्यावरच सोडावी लागते. डोळ्यांत थेंब घालण्याची शक्यता असते, त्यामुळे स्वतःच्या तपासणीला एकट्याने दुचाकीवर जाऊ नये, आणि एसटीने जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरावी. थेंबांचा परिणाम होईपर्यंत तास-दीड तास सहज जातो आणि दुपारनंतर गावाकडच्या गाड्या विरळ होतात.

कुठे जायचे, हा प्रश्न इथे नेहमीच येतो. दृष्टीची प्राथमिक तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी करतात. ते ठरावीक वारीच भेटतात का, हे आधी विचारून घ्यावे. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथील जिल्हा रुग्णालये ही पुढची पायरी. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा मुलाच्या डोळ्याविषयीची शंका त्यांच्या कानावर घालावी, म्हणजे पुढची चिठ्ठी मिळते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रायगड-रत्नागिरीकडचे लोक मुंबईला आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला जातात.

पहिला टप्पा : प्रश्न, आणि खुर्चीवर बसण्याआधीची नजर

चांगला तपासणारा रुग्ण दारातून आत येतानाच पाहू लागतो. मान कलती आहे का, चेहरा एका बाजूला वळलेला आहे का, पापणी उतरली आहे का, हे त्याला टॉर्च हातात घेण्यापूर्वीच दिसते. मान वाकडी ठेवण्यामागे पुष्कळदा डोळ्याचेच कारण असते. ज्या स्थितीत दोन चित्रे एक होतात ती स्थिती शरीर स्वतःच शोधून काढते. अशा मुलाला ‘मान सरळ ठेव’ म्हणून घरी सतत टोकू नये, आधी डोळे तपासावेत.

प्रश्नांची उत्तरे देताना ‘कधीपासून’ आणि ‘कधी जास्त’ या दोन गोष्टी नेमक्या सांगाव्यात. उन्हात, विशेषतः समुद्रावरच्या झगझगीत उजेडात, मूल एक डोळा मिटून घेते का? ही किरकोळ वाटणारी खूण अधूनमधून बाहेर वळणाऱ्या तिरळेपणात अगदी नेहमी आढळते आणि पालक ती ‘ऊन सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. घरात कुणाला तिरळेपणा, जाड भिंगाचा चष्मा किंवा आळशी डोळा (मेंदू वापरत नसल्याने दृष्टी कमी राहिलेला डोळा) असल्यास तेही सांगावे.

तिरळा डोळा भाग्याचा असतो, किंवा मोठेपणी आपोआप सरळ होतो, या समजुतींविषयी एकदा स्पष्ट लिहायला हवे. जन्मानंतर पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे कधीमधी भरकटणे स्वाभाविक असते, आणि काही बाळांच्या नाकाजवळच्या त्वचेच्या घडीमुळे सरळ डोळेही तिरळे भासतात. त्यानंतरही डोळा वळलेला राहत असेल तर तपासणी पुढे ढकलू नये. वळलेल्या डोळ्याचे चित्र मेंदू बाजूला सारू लागतो आणि डोळ्याची दृष्टी घडण्याचे वय, साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचे, हातचे निघून जाते.

दुसरा टप्पा : दोन्ही डोळे उघडे असताना करायच्या चाचण्या

इथे क्रमाला महत्त्व आहे. एक डोळा झाकून तपासणी सुरू केली की दोन्ही डोळ्यांची एकजूट थोडा वेळ मोडते, आणि ज्याचे डोळे कसेबसे जुळून राहतात त्याच्या बाबतीत ती लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून खोलीच्या, म्हणजे वस्तू किती पुढे-मागे आहे याच्या, आकलनाची चाचणी शक्यतो सर्वांत आधी घेतात. विशिष्ट चष्मा घालून मुलासमोर एका मोठ्या माशीचे चित्र ठेवतात; दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर तिचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात आणि मूल ते हवेतच चिमटीत पकडू पाहते. त्याच संचातल्या लहान वर्तुळांवरून आकलनाचा बारीकपणा मोजतात. आर्कसेकंद हे कोनाचे अतिसूक्ष्म एकक, आकडा जितका लहान तितके आकलन बारीक. ४० ते ६० आर्कसेकंद हा मोठ्या मुलांत आणि प्रौढांत चांगला आकडा मानला जातो.

वर्थची चार ठिपक्यांची चाचणी याच टप्प्यातली. उजव्या डोळ्यापुढे लाल आणि डाव्यापुढे हिरवी काच असते, समोर एक लाल, दोन हिरवे आणि एक पांढरा असे दिवे असतात. चार दिवे दिसले तर दोन्ही डोळे वापरात आहेत. फक्त दोन लाल दिसले तर मेंदू डाव्या डोळ्याचे चित्र दाबतो आहे, फक्त तीन हिरवे दिसले तर उजव्याचे. आणि पाच दिसले तर दुहेरी दिसते आहे. या चाचणीत ‘बरोबर’ उत्तर देण्याचा प्रयत्न करू नये. शेजारी बसलेल्या आजीने ‘चार सांग, बाळा’ असे कुजबुजले की चाचणी फुकट जाते.

तिसरा टप्पा : तक्ता

स्नेलेनचा तक्ता १८६२ सालापासून वापरात आहे आणि ६ मीटर अंतरावरून वाचायचा असतो. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावून ते अंतर साधतात. ६/१२ याचा अर्थ असा की निरोगी डोळा जे अक्षर १२ मीटरवरून ओळखतो ते या डोळ्याला ६ मीटरवर यावे तेव्हा ओळखता येते. देवनागरी अक्षरांचे तक्ते मिळतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन दात्यांचे चिन्ह वेगवेगळ्या दिशांना वळवलेले असते आणि दाते कुठे आहेत ते हाताने दाखवायचे असते.

या टप्प्यातली सर्वांत मोठी गफलत झाकण्यात होते. मुलाला स्वतःच्या हाताने डोळा झाकायला सांगितले की ते बोटांच्या फटीतून पाहते, किंवा मान वळवून चांगला डोळा हळूच मोकळा करते. यात लबाडी नसते. कमी दिसणाऱ्या डोळ्याने पाहायला त्याला कष्ट पडत असतात. डोळा चिकटपट्टीने किंवा काळ्या थापीने पूर्ण झाकला जातो आहे ना, हे पालकांनी जरूर पाहावे. दृष्टी कमी भरली तर बारीक छिद्राच्या चकतीतून पुन्हा वाचायला सांगतात. छिद्रातून सुधारणा झाली तर दोष बहुधा चष्म्याने भरून निघणारा असतो. झाली नाही तर कारण पुढे शोधावे लागते, आणि त्यात आळशी डोळाही येतो. जवळचे वाचन नंतर वेगळे तपासतात.

न बोलणाऱ्या बाळाचे काय? एक डोळा झाकल्यावर ते शांत राहते आणि दुसरा झाकल्यावर रडते, हात झटकते, असे सतत होत असेल तर जो झाकल्यावर ते रडते तो त्याचा कामाचा डोळा आहे. खेळणे डोळ्यासमोर धरल्यावर नजर मध्यावर, स्थिर आणि टिकून राहते का, हेही पाहतात.

चौथा टप्पा : टॉर्च

टॉर्च समोरून, साधारण हातभर अंतरावर धरल्यावर प्रत्येक बुबुळावर उजेडाचा एक ठिपका उमटतो. दोन्ही डोळ्यांत तो बाहुलीच्या मध्याजवळ, किंचित नाकाच्या बाजूला आणि सारख्याच जागी असायला हवा. हर्शबर्ग या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत ठिपका १ मिलिमीटर सरकला की डोळा सुमारे ७ अंश वळलेला आहे असे धरतात. ठिपका बाहुलीच्या कडेवर असेल तर साधारण १५ अंश, आणि बुबुळाच्या कडेवर गेला असेल तर ४५ अंश. ठिपका बाहेरच्या बाजूला सरकला असेल तर डोळा आत वळलेला असतो, आतल्या बाजूला सरकला असेल तर बाहेर. हे प्रथम ऐकताना उलटे वाटते.

याच वेळी बाहुल्या सारख्या आहेत का आणि उजेडाला आकुंचन पावतात का, हे पाहिले जाते. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लालसर चमकेऐवजी पांढरट चमक वारंवार दिसत असेल तर आठवडाभरही थांबू नये. कारण मोतीबिंदूसारखे असू शकते, पण लहान मुलांत दृष्टिपटलाची गाठही असू शकते, आणि तीत उशीर जिवावर बेततो.

पाचवा टप्पा : कव्हर टेस्ट

सगळ्या हालचाल-तपासणीचा कणा म्हणजे ही चाचणी, आणि दिसायला ती इतकी साधी आहे की रुग्णाला काही तपासले असे वाटतही नाही. रुग्णाने समोरच्या एका बारीक चिन्हाकडे पाहत राहायचे. उजेडाकडे पाहून चालत नाही, कारण अक्षर किंवा लहान चित्र नीट दिसावे म्हणून डोळ्यांना नजर जुळवावी (फोकस साधावा) लागते आणि त्या जुळवणीतच काही प्रकारचा तिरळेपणा उघड होतो. आधी ६ मीटरवरच्या आणि मग सुमारे ३३ सेंटिमीटरवरच्या चिन्हाकडे पाहायला लावून, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, अशा फेऱ्या घेतात.

पहिल्या फेरीत उजवा डोळा झाकतात आणि उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहतात. डावा डोळा जागचा हलला नाही तर तो आधीपासूनच चिन्हावर होता. तो आतून बाहेर सरकला तर आत वळलेला होता, बाहेरून आत आला तर बाहेर वळलेला, वरून खाली आला तर वर चढलेला. मग हेच उलट बाजूने. हा झाला उघड, म्हणजे सतत असणारा तिरळेपणा.

दुसऱ्या फेरीत झाकलेला डोळा उघडताना त्याच्याकडेच पाहतात. झाकणाआड तो भरकटला होता आणि उघडताच परत जागेवर आला, तर तिरळेपणा सुप्त आहे. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू त्याला धरून ठेवतो. थोडासा सुप्त तिरळेपणा बहुतेक माणसांत असतो आणि तो आजार नव्हे. दिवसभर हिशेबाच्या वह्या किंवा मोबाईल पाहून ज्यांचे कपाळ दुखते त्यांच्यात मात्र त्याचे माप महत्त्वाचे ठरते.

तिसऱ्या फेरीत झाकण एका डोळ्यावरून दुसऱ्यावर असे फिरवत राहतात आणि दोन्ही डोळ्यांना एकत्र पाहण्याची संधीच देत नाहीत. त्यामुळे वळण पूर्ण मोकळे होते. मग एका डोळ्यापुढे लोलकांची पट्टी धरून कोणत्या लोलकाला हालचाल थांबते ते पाहतात. तो आकडा म्हणजे तिरळेपणाचे माप, प्रिझम डायॉप्टरमध्ये. १ मीटर अंतरावर प्रकाश १ सेंटिमीटर सरकवणारा लोलक म्हणजे १ प्रिझम डायॉप्टर. शस्त्रक्रियेत स्नायू किती सरकवायचा हे या आकड्यावर ठरते, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी हीच चाचणी निरनिराळ्या दिवशी पुन्हा केली तर वैतागू नये.

झाकण प्रत्येक डोळ्यावर दोन-तीन सेकंद टिकले पाहिजे. घाईने पंख्यासारखे हलवलेले झाकण काहीच सांगत नाही, आणि शिबिरांच्या गर्दीत नेमके तेच होते. मुलाला कंटाळा येऊ नये म्हणून चिन्हाविषयी प्रश्न विचारत राहावे लागते, आणि तिथे पालकांचा उपयोग होतो.

सहावा टप्पा : नऊ दिशा

आता डोके स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी पेन्सिलीच्या टोकाचा मागोवा घ्यायचा असतो. समोर, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली आणि चार कोपऱ्यांत. पेन्सिल फार जवळ धरत नाहीत. साधारण हातभर अंतर पुरते. मान वळवण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, म्हणून हनुवटीला हलका हात लावतात. कोणत्या दिशेला एक डोळा मागे राहतो किंवा पुढे जातो, कुठे दोन दिसतात, कुठे दुखते, हे त्याच क्षणी सांगावे. मागे राहण्याची नोंद उणे एक ते उणे चार अशी करतात. उणे चार म्हणजे डोळा त्या दिशेला मध्यरेषेच्या पुढे जातच नाही.

एखादी हालचाल कमी दिसली की दुसरा डोळा झाकून तीच हालचाल एकट्या डोळ्याकडून करून घेतात. एकटा असताना डोळा पूर्ण वळला तर स्नायू बहुधा अशक्त आहे. तरीही अडला तर स्नायू फार अशक्त आहे किंवा तो कुठेतरी अडकला आहे. अडकण्याचे एक उदाहरण म्हणजे थायरॉइडचा आजार, ज्यात खालचा स्नायू आखडून डोळा वर जाईनासा होतो. दुसरे उदाहरण ओल्या वाळूवरच्या क्रिकेटचे आहे. चेंडू डोळ्यावर बसल्यावर खोबणीची पातळ तळपट्टी तडकते आणि स्नायू त्या फटीत अडकतो. मुलांत अशा वेळी बाहेरून डोळा फारसा सुजलेला किंवा लाल दिसत नाही, पण वर पाहता येत नाही आणि उलट्या होतात. त्या उलट्या पित्ताच्या समजून मुलाला झोपवून ठेवू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

चौथा तंतू दुखावला की दुहेरी चित्र खाली पाहताना सर्वांत जास्त सतावते, एक वर आणि एक खाली असे. आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडून, अथवा दुचाकीवरून आपटून डोक्याला मार बसलेला माणूस आठवड्यानंतर ‘पाखाडी उतरताना पायऱ्या दोन दिसतात’ म्हणत असेल, तर शंका या तंतूची घ्यावी. तो मान विरुद्ध खांद्याकडे कलती ठेवू लागतो. डॉक्टर त्याची मान दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीने कलवून पाहतात. कोणत्या बाजूला कलवल्यावर डोळा वर चढतो यावरून दोषी स्नायू ठरतो.

याच बैठकीत डोळे एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर झटकन उडी मारतात का आणि हलत्या वस्तूमागे संथपणे जातात का, हेही पाहून घेतात. डोळे आपोआप लकलक हलत असतील तर कोणत्या दिशेला ते जास्त हलतात याची नोंद होते.

सातवा टप्पा : जवळची वस्तू

पेन्सिलीचे टोक नाकाच्या रेषेत हळूहळू जवळ आणतात. ते दोन दिसू लागले, किंवा एक डोळा बाहेर सुटला, की ते अंतर पट्टीने मोजतात. १० सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा ठीक. ही चाचणी लागोपाठ दोन-तीनदा करावी, कारण पहिल्या वेळी रेटून नेलेले डोळे नंतर थकतात. दहावी-बारावीचे विद्यार्थी पुस्तक उघडल्यावर थोड्याच वेळात ओळी पळतात, डोके जड होते असे सांगतात आणि नंबर मात्र शून्य निघतो, तेव्हा दोष बऱ्याचदा इथे सापडतो. उपाय व्यायामाचा असतो. केवळ घरी पेन्सिल जवळ-दूर नेण्यापेक्षा प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालचे व्यायाम अधिक गुण देतात, हे अभ्यासांतून दिसले आहे.

दोन दिसत असतील तर

सर्वांत आधी एक डोळा झाकून पाहावे, मग दुसरा. कोणताही एक झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबत असेल तर दोष डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन, किंवा एकाशेजारी सावली, दिसत असेल तर कारण बहुधा मोतीबिंदू, बुबुळाचा वक्रदोष असे त्या डोळ्यातच असते. वर्षानुवर्षे होडीवर ऊन-वारा खाल्लेल्या माणसांच्या बुबुळावर चढणारे मांसही असा वक्रदोष निर्माण करते.

जुळणीचा दोष असेल तर चार गोष्टी लिहून न्याव्यात. दोन चित्रे शेजारी-शेजारी आहेत की वर-खाली, दूरचे पाहताना जास्त की जवळचे, कोणत्या दिशेला पाहताना ती जास्त फाकतात, आणि सकाळी ठीक असून संध्याकाळकडे वाढते का. शेजारी-शेजारी, दूरचे पाहताना जास्त आणि एका बाजूला पाहताना वाढणारे दुहेरी दिसणे सहाव्या तंतूकडे बोट दाखवते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वयस्कर माणसांत हे अचानक उद्भवते आणि बहुतेकदा तीनेक महिन्यांत ओसरते; तोवर एका काचेवर पट्टी लावून काम भागवता येते. तपासणी मात्र चुकवू नये. संध्याकाळी वाढणारे, पापण्या उतरवणारे दुहेरी दिसणे स्नायूंच्या थकव्याच्या आजाराचे असू शकते. त्यात डॉक्टर एक-दोन मिनिटे सतत वर पाहायला सांगतात आणि पापणी उतरते का ते पाहतात, किंवा मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती उचलली जाते का हे तपासतात.

पापणी अचानक उतरली, डोळा बाहेर-खाली वळला, बाहुली मोठी झाली आणि डोके असह्य दुखते आहे, असे असल्यास तिसऱ्या तंतूवर मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीचा दाब असू शकतो. दुहेरी दिसण्याबरोबर बोलणे अडखळणे, तोल जाणे किंवा हातापायातली शक्ती जाणे हीसुद्धा तशीच घाईची खूण आहे. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊन वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करून मेंदूचे स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचावे.

आणखी एक कारण इथल्या पावसाळ्यात विसरता येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन उठतो, पापण्या जड होतात, दोन दिसू लागते, कुठे चावल्याची खूणही सापडत नाही. हा मण्यारीचा दंश असू शकतो. तिचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडते आणि त्याची पहिली चिन्हे अनेकदा पापण्यांवर आणि डोळ्यांच्या हालचालींवर उमटतात. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. अशा माणसाला नेत्रतपासणीसाठी रांगेत बसवायचे नसते. सर्पविषावरची लस आणि श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यायचे असते.

थेंब घालून तपासणी

मुलांच्या डोळ्यांची नजर जुळवण्याची ताकद एवढी असते की अधिक (प्लस) नंबर लपून राहतो. तो उघड व्हावा म्हणून ही ताकद तात्पुरती सैल करणारे औषध घालतात. लहान मुलांना अॅट्रोपिनचे मलम घरी तीन दिवस लावायला देतात, मोठ्या मुलांना दवाखान्यातच सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालतात. पहिल्याचा परिणाम दहा-चौदा दिवसही राहतो, दुसऱ्याचा साधारण दिवसभर. तोवर जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. अॅट्रोपिन परीक्षेच्या आठवड्यात ठेवू नये. घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा आणि हात धुवावेत. चेहरा लाल होणे, ताप, तोंड कोरडे पडणे किंवा मूल बरळू लागणे असे झाल्यास मलम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

आत वळणाऱ्या तिरळेपणात ही तपासणी झाली नसेल तर शस्त्रक्रियेचा विषयही काढू नये असे माझे मत आहे. दोन-तीन वर्षांच्या वयात सुरू झालेले बरेचसे वळण केवळ अधिक नंबरामुळे असते आणि योग्य चष्मा सतत वापरल्यावर डोळे सरळ होतात. चष्मा काढला की डोळा पुन्हा वळतो. पालकांना चष्म्याने अपाय केल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात चष्मा आपले काम करत असतो.

चिठ्ठीवर काय लिहिले आहे

ओ.डी. म्हणजे उजवा डोळा, ओ.एस. म्हणजे डावा. ‘ऑर्थो’ म्हणजे कव्हर टेस्टमध्ये वळण आढळले नाही. ‘ई.टी.’ हे आत वळलेल्या, ‘एक्स.टी.’ हे बाहेर वळलेल्या उघड तिरळेपणाचे चिन्ह. टी नसलेले नुसते ई किंवा एक्स सुप्त वळणाचे. ‘ई.ओ.एम. फुल’ म्हणजे सर्व दिशांच्या हालचाली पूर्ण. ‘एन.पी.सी.’पुढचा आकडा म्हणजे सातव्या टप्प्यातले अंतर. मुलाच्या चिठ्ठीवर फक्त चष्म्याचा नंबर असेल आणि कव्हर टेस्टची ओळच नसेल, तर ती झाली का, असे सरळ विचारावे. डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.

आळशी डोळ्यासाठी पट्टी दिली असेल तर ती चांगल्या डोळ्यावर लावायची असते, चष्म्याच्या आतून आणि थेट त्वचेवर, डॉक्टरांनी सांगितलेले दोन ते सहा तास. त्या वेळात मुलाला चित्र रंगवणे, गहू-तांदूळ निवडणे, वाचन अशी जवळच्या नजरेची कामे द्यावीत. कोकणच्या दमट हवेत पट्टीखाली पुरळ येते, म्हणून पट्टी वातानुकूलित वर्गाऐवजी घाम येणाऱ्या घरात लावायची असेल तर सकाळची वेळ बरी, आणि काढल्यावर कातडीला खोबरेल तेलाचे बोट लावावे. दुसऱ्या दिवशी लावण्यापूर्वी ते पुसून टाकले नाही तर पट्टी चिकटत नाही. पुढच्या भेटीला पट्टी रोज किती वेळ टिकली याची खरी नोंद कॅलेंडरवर करून न्यावी, कारण सुधारणा दिसली नाही तर तास वाढवायचे की कारण पुन्हा शोधायचे, हे डॉक्टर त्या नोंदीवरून ठरवतात.